काडतुसाचे वंगण : जुन्नर-आंबेगावच्या बाजूने एक विचार

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईस १८५७ साली प्रसिद्ध झाली. त्याच साली बंगालच्या फौजेत काडतुसांना लावलेल्या लेपावरून जो प्रकार घडला तो सर्वश्रुत आहे. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही, आणि तो जोडण्याचा हेतूही नाही. तो लेप कोणत्या द्रव्याचा होता, या प्रश्नाची इतिहासकारांनी पुष्कळ चर्चा केली आहे. परंतु त्या लेपाला देशी भाषांत म्हणायचे काय, आणि ज्याने त्याने तो आपल्या घरी केला तर त्याचे नाव बदलते काय, हा प्रश्न बहुधा बाजूलाच राहिलेला आहे. भाषेच्या अभ्यासकाने थोडे धाडस करून इतिहासाच्या अंगणात पाऊल टाकावे असा हा विषय आहे. प्रस्तुत टिपणात तेवढेच धाडस केले आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. मराठी ‘काडतूस’ आणि हिंदी ‘कारतूस’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीज ‘कार्तूशु’ या शब्दावरून आले. पोर्तुगीज शब्दाचे मूळ इटालियन ‘कार्तोच्चो’ यात असून त्याचा अर्थ कागदाची गुंडाळी, कागदाचा द्रोण असा आहे. ‘कार्ता’ म्हणजे कागद. इंग्रजी शब्दही फ्रेंचमार्फत त्याच मुळापासून निघालेला आहे. म्हणजे काडतूस हा शब्द आज पितळी नळीचे चित्र डोळ्यांपुढे उभे करीत असला तरी मूळचा तो निव्वळ कागद आहे. मराठीत या वस्तूला चपखल बसेल असा ‘पुडी’ हा शब्द होता. परंतु शस्त्राबरोबर शस्त्राचे नाव येते, या नियमाने परका शब्द रुजला. हिंदीने ‘र’ राखला, मराठीने त्याचा ‘ड’ केला. या ‘ड’काराचे कारण, माझ्या मते, लोकव्युत्पत्ती होय. ‘काडी’ आणि ‘तूस’ हे दोन्ही शब्द मराठी शेतकऱ्याच्या खळ्यावरचे. परका शब्द कानावर पडताच त्याने तो आपल्या ओळखीच्या दोन शब्दांत बसवून टाकला असावा. ‘बिजागरी’, ‘घमेले’, ‘तुरुंग’ या पोर्तुगीज शब्दांनाही मराठीने असेच आपले रूप दिलेले आहे.

दुसरा शब्द ‘वंगण’. याचेच ‘ओंगण’ हे रूपही आढळते. आरंभीच्या ‘ओ’ आणि ‘व’ यांची अदलाबदल मराठी बोलींत नित्याची आहे. जुन्नर-आंबेगावच्या बाजूस ‘ओला’चा ‘वला’ आणि ‘ओढा’चा ‘वढा’ आजही सहज ऐकू येतो. वंगण हा गाडीच्या आखाचा, रहाटाचा, घाण्याचा शब्द. तो द्रव्य सांगत नाही, काम सांगतो. तेल असो, चरबी असो, आखात घातली की ती वंगण झाली. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता जुन्नर-आंबेगावच का, हे सांगितले पाहिजे. कागदी काडतुसाचे घटक पाहिले तर शिसे आणि दारू सोडून तीन वस्तू उरतात : कागद, मेण आणि तेल किंवा तूप. या तिन्ही वस्तू ज्या मुलखात घरोघर किंवा आळीआळीत हाताने तयार होत, असा महाराष्ट्रातील एक मुलूख म्हणजे कुकडी आणि घोड या नद्यांचे खोरे. जुन्नरी कागदाची काडतुसे कोणी केली, असे मला म्हणावयाचे नाही. बराकपूर आणि अंबाला येथील शिपायांपुढे जे द्रव्य अनोळखी म्हणून उभे राहिले, तेच द्रव्य ओळखीचे असते तर काय झाले असते, हे पाहण्यासाठी हा मुलूख सोयीचा आहे, एवढेच.

जुन्नरच्या कागदाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या विषयाचे बीज कागदात आहे. पेशवाईच्या दफ्तरांत ज्या कागदावर हिशेब आणि पत्रे लिहिली गेली त्यांत जुन्नरी कागदाला दौलताबादी कागदाच्या बरोबरीने मान होता. तो करणारे कागदी मुसलमान. जुनी तरटे, दोर यांचे तुकडे करून ते चुन्याच्या पाण्यात मुरवायचे, कुटायचे, नदीवर धुवायचे, पुन्हा कुटायचे; मग हौदातील लगदा बारीक काड्यांच्या साच्यावर अलगद उचलून ताव पाडायचा आणि तो भिंतीला चिकटवून वाळवायचा. दख्खनमध्ये सर्वत्र रीत हीच. वाळलेला ताव शाई शोषून घेतो, म्हणून त्याला तांदळाची किंवा गव्हाची खळ द्यावी लागते. खळ वाळली की गुळगुळीत दगडाने ताव घोटायचा. घोटलेल्या कागदावर बोरू सरकतो आणि कागदाला एक प्रकारची झिलई येते. उजेडापुढे धरला तर नवख्या माणसास तो मेण लावल्यासारखा वाटेल. जुन्नरच्या बाजारात मात्र त्या झिलईबद्दल कोणी शंका घेतली नसती. ती झिलई कशाची, हे सगळ्यांना ठाऊक होते : भाताची पेज आणि माणसाचे मनगट.

विलायती कागदाची गोष्ट वेगळी होती. युरोपातील मजबूत कागदाला त्या काळी पिष्टमय खळीऐवजी पुष्कळदा सरसाची खळ देत असत, आणि सरस निघतो जनावरांच्या कातड्यांतून आणि हाडांतून. सरस म्हणजे चरबी नव्हे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही दोन द्रव्ये अगदी भिन्न आहेत. तरीही जनावराच्या अंगची वस्तू कागदात आहे की नाही, असा प्रश्न धर्मदृष्टीने कोणी विचारला, तर ‘यात चरबी नाही’ हे त्याचे पुरे उत्तर होत नाही. हा मुद्दा १८५७ च्या चर्चेत फारसा कोणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

मेणाचा ठावठिकाणा सह्याद्रीच्या कड्यांवर. आग्या मोहोळाची मोठमोठी पोळी भीमाशंकर, नाणेघाट, शिवनेरी या परिसरातील कातळांना लटकलेली असतात. शिवनेरी चढणाऱ्यांना त्यांचा प्रसाद अधूनमधून मिळतच असतो. सातेरीची लहान पोळी झाडांच्या ढोलीत सापडतात. मध काढून उरलेले पोळे गरम पाण्यात वितळवून गाळले की मेण वर येते. ‘मेण’ शब्द संस्कृत ‘मदन’ पासून प्राकृत ‘मयण’ या वाटेने आलेला आहे. मूर्तिकार, मोची, तांबट यांना ते लागते. पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात कारळा पिकतो, त्याचे तेल घाण्यावर निघते. तूप तर दूधदुभत्याच्या घरात असतेच. म्हणजे लेपाची सामग्री गावातलीच.

आता काडतुसाला लेप का लागतो? ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडाकडून घालून गजाने ठासावी लागते. नळी आतून गुळगुळीत असेल तर गोळी थोडी लहान ठेवून काम भागते. परंतु १८५३ साली मान्य झालेल्या एनफील्ड बंदुकीची नळी आतून पीळदार होती, व्यास ०.५७७ इंच. गोळी पिळाला नीट बसावी म्हणून ती नळीशी जुळती हवी, आणि जुळती असली की काही फैरींनंतर जळक्या दारूची काजळी साचून ती आत उतरेनाशी होते. ही काजळी मऊ ठेवण्यासाठी गोळीभोवतीचा कागद स्निग्ध करीत. शिपायाने पुडीचे टोक दातांनी तोडायचे, दारू नळीत ओतायची, मग गोळी कागदासकट आत सारायची. लेप गोळीकडच्या टोकाला आणि दात दुसऱ्या टोकाला, अशी व्यवस्था होती. ज्याने कधी तुपाचा हात कागदाला लावला आहे त्याला माहीत असते की स्निग्ध द्रव्य एका टोकाला राहत नाही. उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

लेपाचे द्रव्य निवडताना दोन गुण हवे असतात. ते थंडीत कडक होऊन तडकू नये, आणि उन्हात वितळून दारूत झिरपू नये. तूप अंगाच्या उष्णतेच्या आसपास वितळते. जनावराची चरबी साधारण ४० ते ५० अंश सेल्सिअसला. मेण मात्र ६२ ते ६४ अंशांपर्यंत टिकते. हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात कमरेच्या पेटीतील नुसते तूप काडतूस बिघडवील, नुसते मेण गोळीवरून सोलून निघेल. दोन्ही एकत्र केली तर काम होते. विलायतेहून जो लेप आला तोही चरबी आणि मेण यांचाच होता. पुढे इंग्रजांनीच त्यातील मेणाचे प्रमाण पुष्कळ वाढविले. त्याचे कारण धर्म नव्हते, हवामान होते. निवडणारा मेणाचा विचार आधीच करता तर काही वेगळे घडले असते काय, हा प्रश्न मनात येतो खरा, पण त्याला फार महत्त्व देण्यात अर्थ नाही. कारण पुढे जे घडले त्यावरून दिसते की लेप बदलूनही शंका गेली नाही.

धोक्याची जाणीव कोणालाच नव्हती असे नाही. १८५३ साली नमुन्याची लेपयुक्त काडतुसे हवामानाच्या परीक्षेसाठी हिंदुस्थानात आली, तेव्हा बंगाल फौजेचा ॲड्ज्युटंट जनरल कर्नल टकर याने लेखी बजावले होते की, हे द्रव्य जातिधर्माला बाधक नाही अशी खात्री झाल्याखेरीज देशी पलटणींना ही काडतुसे देऊ नयेत. ते पत्र दफ्तरात राहिले. परीक्षेची काडतुसे शिपायांनी पेटीत बाळगली आणि त्या वेळी कोणी हरकत घेतली नाही. पेटीत बाळगणे आणि तोंडाला लावणे यांत अंतर आहे.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम येथे चरबीची वार्ता फुटली. २२ तारखेस ती अधिकाऱ्यांच्या कानी गेली आणि २७ तारखेस सरकारचा हुकूम निघाला. हा हुकूम प्रस्तुत विषयाचा गाभा आहे. त्याचा आशय असा : शस्त्रागारातून काडतुसे लेपावाचून द्यावीत, आणि शिपायांनी आपल्या पसंतीचे द्रव्य आपल्या हाताने लावावे. घरगुती वंगणाला राजमान्यता मिळण्याचा इतका स्पष्ट प्रसंग इतिहासात दुसरा क्वचितच सापडेल. हुकूम तत्परतेने निघाला, त्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते, आणि तरीही तो निष्फळ ठरला. का?

सर्वसाधारण उत्तर असे की उशीर झाला होता, अविश्वास खोल गेला होता. हे उत्तर चुकीचे नाही, पण ढोबळ आहे. पाच दिवसांत निघालेल्या हुकमाला उशीर कसा म्हणावा? हुकमानंतर काय काय घडले ते तपशिलाने पाहिले पाहिजे.

६ फेब्रुवारीस बराकपूर येथे चौकशी बसली. तेथे शिपायांनी जे सांगितले त्यात लेपाची तक्रार जवळजवळ नाहीच. तक्रार आहे ती कागदाची. कागद नवा आहे, चकाकतो, चिवट आहे, जाळला तर चरबी जळावी तसा आवाज करतो, अशा त्यांच्या साक्षी आहेत. तपासणीत कागदाला कोणतेही तेलकट द्रव्य लावलेले नाही असा निर्वाळा मिळाला. त्याने कोणाचे समाधान झाले नाही. त्याच महिन्याच्या २६ तारखेस बहरामपूर येथे १९ व्या पलटणीने टोप्या घेण्याचे नाकारले, तेव्हा पुढे आलेली काडतुसे जुन्या तऱ्हेची, लेपावाचूनची होती. परंतु त्यांत दोन प्रकारचे कागद आढळले आणि तेवढ्याने संशय पक्का झाला. मार्चच्या आरंभी टोक दातांऐवजी बोटांनी तोडण्याची मुभा मिळाली. २४ एप्रिलला मेरठ येथे घोडदळाच्या ९० निवडक शिपायांपैकी ८५ जणांनी काडतुसे नाकारली. तीही जुनीच, बिनलेपाची होती. तेथून १० मेपर्यंतचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

अंबाला येथील प्रसंग याहूनही बोलका आहे. तेथे नव्या बंदुकीच्या शिक्षणासाठी निरनिराळ्या पलटणींतून आलेले शिपाई तूप आणि मेण यांचा लेप स्वतः करून लावीत होते. त्यांची स्वतःची कसलीच हरकत नव्हती. परंतु मार्चमध्ये त्यांच्याच पलटणीचे लोक तेथे आले तेव्हा त्यांनी या दोघा-तिघा हवालदार-नाईकांना ‘तुम्ही ख्रिस्ती झालात’ असे हिणवून त्यांच्याशी व्यवहार टाळला. शिपायांनी आपल्या शिक्षकाला, कॅप्टन मार्टिनो याला, हे अश्रू ढाळीत सांगितल्याचे वर्णन आहे. लेप कशाचा हे त्यांना नक्की ठाऊक होते, कारण तो त्यांनीच केला होता. पण हे त्यांच्या जातभाईंना ठाऊक नव्हते, आणि घरी तर कोणालाच ठाऊक असण्याचा संभव नव्हता. स्वतःच्या हाताने केलेली वस्तू शुद्ध असते खरी. पण ती शुद्ध आहे याला साक्ष दुसऱ्याची लागते. सरकारने शिपायाला वंगण करण्याची मोकळीक दिली. साक्षीदार देणे सरकारच्या हाती नव्हते.

येथे भाषेकडे वळावे लागते. इंग्रजीत या लेपाला जो सामान्य शब्द आहे तो द्रव्याच्या उगमाविषयी उदासीन आहे. तो शब्द उच्चारणारा अधिकारी फक्त कामाचा विचार करतो. मराठीत, आणि हिंदुस्थानीतही, नित्याच्या व्यवहारात असा उदासीन शब्द खाद्य द्रव्यांपुरता तरी नाही. तूप म्हटले की दूध आले, तेल म्हटले की बी आले, मेण म्हटले की माशी आली, चरबी म्हटले की मेलेले जनावर आले. विशेषणेही तशीच : तेलकट, तुपकट, मेणचट. ‘ओशट’ हे एक विशेषण उगम सांगत नाही, पण ते नावड मात्र सांगते. संस्कृत वैद्यकाने ‘स्नेह’ हा सर्वसमावेशक शब्द घडविला आणि त्यात घृत, तैल, वसा आणि मज्जा या चारही द्रव्यांचा समावेश केला. तथापि तो शास्त्राचा शब्द. मराठी घरात स्नेह म्हणजे माया. चरकाचा ‘स्नेह’ छावणीत उपयोगी पडणारा नव्हता.

मग ‘वंगण’ का चालू नये? तो तर उगमाविषयी तसाच उदासीन आहे. अडचण ही की त्याचे क्षेत्र ठरलेले आहे. वंगण आखाला असते, तोंडाला नसते. आखाला चरबी चालते, कोणी विचारीत नाही. तोंडाशी येणाऱ्या वस्तूचा मात्र उगम विचारलाच जातो, आणि तो विचारण्याची सोय भाषेनेच प्रत्येक शब्दात करून ठेवली आहे. दातांनी तोडायचे काडतूस ही वस्तू या दोन क्षेत्रांच्या मध्ये येऊन पडली : कामाने ती आखाच्या बाजूची, वापराने तोंडाच्या बाजूची. इंग्रज अधिकारी तिच्याकडे यंत्र म्हणून पाहत होता, शिपाई तिच्याकडे घास म्हणून पाहत होता. जानेवारीच्या हुकमाने हा घास शिपायाच्या स्वतःच्या स्वयंपाकातला करण्याचा प्रयत्न केला. परंतु तोवर प्रश्न लेपावरून कागदावर गेला होता, आणि कागद शिपायाच्या हातचा नव्हता. बोटांनी तोडण्याची मुभा ही खरी तर वस्तूला तोंडाकडून आखाकडे नेणारी योग्य सुधारणा होती. ती आली तेव्हा शिपायांचे म्हणणे असे की सवयीने हात तोंडाकडे जाणारच. हे म्हणणे बहाणा म्हणून सोडून देण्यासारखे नाही. वर्षानुवर्षांच्या कवायतीने अंगवळणी पडलेली हालचाल एका पत्रकाने जात नसते.

मराठी वाचकाच्या मनात या वार्तेचे रूप कसे उमटले हे पाहण्यासाठी वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक आहे. गोडसे १८५७ साली यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि महूच्या वाटेवर त्यांना ही हकीकत शिपायांकडून कळली. त्यांनी लिहिले ते पुढे पाव शतकानंतर, आणि छापले गेले ते १९०७ साली चिंतामणराव वैद्यांच्या हातून, संस्कार होऊन. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती १९६६ साली निघाली. गोडसे स्वतः भिक्षुक ब्राह्मण, सोवळ्याओवळ्यात वाढलेले. त्यांच्या कथनात काडतुसाची गोष्ट एकटी येत नाही; धर्म बुडविण्यासाठी सरकारने योजिलेल्या ८४ कलमांच्या यादीबरोबर येते. इतिहासकारांना ही ८४ कलमे अविश्वसनीय वाटतात आणि ती तशी आहेतही. परंतु वार्ता वाढते कशी, हे त्यातून दिसते. एका द्रव्याच्या शंकेला उत्तर मिळाले की दुसरी शंका तिच्या जागी येते. लेपाच्या मागे कागद, कागदाच्या मागे पीठ, पिठाच्या मागे कलमांची यादी.

याच वर्षाच्या अखेरीस आपल्या मुलखात काय घडत होते? नाशिक-नगरच्या बाजूस भागोजी नाईकाने भिल्लांना घेऊन उठाव केला होता. ऑक्टोबर १८५७ मध्ये नांदूर शिंगोटे येथे लेफ्टनंट हेन्री मारला गेला. त्यावर उपाय म्हणून डिसेंबरात कॅप्टन नटाल याच्या हाताखाली डोंगरी मुलखातील महादेव कोळ्यांची एक पलटण उभी करण्यात आली. तिचे संख्याबळ ६०० होते आणि ती मार्च १८६१ मध्ये मोडण्यात आली. ज्या लोकांच्या बंडाचा नायक राघोजी भांगरे याला १८४८ साली ठाणे येथे फाशी दिले, त्याच लोकांच्या हाती दहा वर्षांत सरकारने शस्त्रे दिली, आणि चरबीचा प्रश्न त्या पलटणीत गाजल्याचे दिसत नाही. याचे श्रेय सरकारच्या युक्तीला देणे मला योग्य वाटत नाही. हे लोक घरापासून दोन-चार दिवसांच्या अंतरावर, आपल्याच नाईकांच्या हाताखाली, आपल्याच डोंगरात वावरत होते. कोण काय खातो आणि कशाला हात लावतो, हे गावाला कळण्यास अडचण नव्हती. अंबाल्याच्या शिपायाला जो साक्षीदार मिळाला नाही तो येथे प्रत्येकाच्या शेजारी उभा होता. पुढे १८७३ ते १८७६ या काळात जांभोरीच्या होन्या केंगल्याने सावकारांविरुद्ध याच डोंगरांतून धामधूम केली, आणि १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्यावाचून बंदूक बाळगणे सर्वत्र गुन्हा ठरले. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचे परवाने तेवढे राहिले.

खुद्द काडतुसाचा इतिहास यानंतर लवकरच पालटला. मागून भरावयाच्या बंदुका आल्या, कागदाची जागा पितळेने घेतली. १८६९ साली पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. धातूच्या काडतुसात मेण दारू आणि गोळी यांच्यामध्ये चकतीच्या रूपाने आत गेले. दिसेनासे झाले, आणि त्याबरोबर वादही दिसेनासा झाला. वंगणाची गरज मात्र संपली नाही. पितळेची वाटी साच्यातून ओढून लांबवायची तर ती कोरडी ओढता येत नाही. तेथे साबणाचे पाणी लागते. युरोप-अमेरिकेत नेमबाज लोक वापरलेली पितळी नळी पुन्हा भरतात, तेव्हा स्फोटाने फुगलेली नळी साच्यात दाबून मूळ मापावर आणावी लागते, आणि लेप नसेल तर ती साच्यात घट्ट रुतून बसते. यासाठी ते घरी जे वंगण करतात त्यात मेंढीच्या लोकरीतून निघणारे लॅनोलिन मद्यार्कात विरघळविलेले असते. कोणी एरंडेल तेल घालतो, कोणी मेण. १८५७ च्या जानेवारीत पर्याय म्हणून जी द्रव्ये पुढे आली त्यांच्याच कुळातली ही यादी आहे. लेप जाड झाला तर नळीच्या खांद्यावर खळगे पडतात आणि दाबून झाल्यावर तो पुसून काढावा लागतो, इतकीच काय ती काळजी. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नाही. त्यामुळे हा घरगुती उद्योग येथे रुजला नाही.

काही वर्षांपूर्वी बोलीची पाहणी करताना आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, डिंभे धरणाच्या फुगवट्याच्या वर, एका वृद्ध गृहस्थांशी गाठ पडली. त्यांच्याकडे ठासणीची परवान्याची बंदूक होती. मी ‘वंगण’ या शब्दाचा उच्चार टिपण्यासाठी गेलो होतो. बाबांनी ‘वंगान’ असा उच्चार केला, तो मी लिहून घेतला, आणि बंदुकीला कोणते वंगण घालता असे विचारले. ते हसले. “वंगान गाडीला, गुरुजी. बंदुकीला मेन.” कारळ्याच्या तेलात थोडे मेण वितळवायचे, त्यात चिंधी बुडवून ठेवायची, ती गोळीखाली ठासायची, अशी त्यांच्या वडिलांची रीत. चरबी लावीत नसत काय, या प्रश्नावर त्यांनी मुळीच संकोच केला नाही. “पूर्वी डुकराची बी लावायचे. नळीला काय हाय? खंडेनवमीला पूजेत मांडायची तवा धुऊन पुसून घ्यायची.” मग मी त्यांना जुनी पुडी दातांनी कशी तोडीत ते करून दाखविले. ते थोडा वेळ बोलले नाहीत. “दातानं म्हंजी मग इचारावं लागंल, कुनी केलंय.”

‘कशाचं हाय’ असे ते म्हणाले नाहीत, हे माझ्या वहीत मी अधोरेखित करून ठेवले आहे.

निघताना त्यांनी बंदूक दाखविली. निवडणुका आल्या की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते आणि दोन-दोन महिने तेथे पडून राहते. नेऊन देण्याच्या आदल्या रात्री ते नळीला आतून-बाहेरून मेणतेल चोपडतात, कारण तेथे तिला कोणी लावणार नाही.